किशोरी खो-खो संघ बांधताना : नव्या प्रशिक्षकांसाठी

शाळेचा खो-खो संघ हातात आला की आपली नजर पहिल्यांदा पळणाऱ्या मुलीकडे जाते. वेग कोणाला आहे, सूर कोण मारते, खांबाला वळसा कोण चटकन घेते. हे बघायला हवंच. पण आक्रमणाच्या पाळीत मैदानात नऊ जणी असतात आणि त्यातल्या आठ बसलेल्या असतात. संघ जुळलाय की नाही, ते या आठ जणींवरून कळतं. तालुक्याच्या स्पर्धांत मी हे वर्षानुवर्षं बघत आले आहे. दोन-तीन जबरदस्त धावणाऱ्या मुली असलेला संघ पहिल्याच फेरीत गारद होतो आणि बेताच्या वेगाच्या, पण एकमेकींचं ऐकणाऱ्या मुली उपांत्य फेरी गाठतात.

मी १४ वर्षांखालच्या मुलींना शिकवते, त्यामुळे उदाहरणं मुलींचीच येतील. मुलांच्या संघालाही बहुतेक सगळं तसंच लागू पडतं. नियम नियमपुस्तिकेत मिळतात, सूर आणि वळसे जुने खेळाडू हौसेनं शिकवतात. मुलींना एकमेकींशी बोलायला आणि एकमेकींचं ऐकायला कसं शिकवायचं, हे मात्र सहसा कोणी बसून सांगत नाही. नव्यानं संघ घेतलेल्या शिक्षकांसाठी, गावातल्या माजी खेळाडूंसाठी आणि 'तुम्ही तरुण आहात, तुम्हीच घ्या' असं सांगून ज्यांच्या गळ्यात शिट्टी घातली गेली आहे अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे.

सुरुवातीला काय लागतं

- दोन खांब. वरची टोकं गुळगुळीत हवीत आणि खांब जमिनीत पक्के रोवलेले हवेत. हलणारा खांब असेल तर सराव सुरूच करू नका.
- मोजपट्टी, सुतळी, फक्की
- शिट्टी आणि थांबतं घड्याळ (मोबाईलमधलं चालेल)
- प्रथमोपचाराची पेटी. खरचटण्यावरचं औषध, पट्ट्या, बर्फाची सोय. मुलींच्या संघासोबत सॅनिटरी पॅड्सही पेटीत असूच देत.
- गुडघ्यावर घालायच्या नीकॅप. सगळ्यांना परवडत नाहीत, शाळेकडून चार-पाच जोड्या मागून घ्या.
- एक जाड वही. तिचं काम पुढे येईल.

महागडं काही लागत नाही, या खेळाचं हे मोठं सुख आहे.

१. मैदान मुलींकडून आखून घ्या

फक्की स्वतः मारत बसू नका. सुतळी धरायला, मोजायला, चौकोन काढायला मुलींना लावा. मधली पाटी (एका खांबापासून दुसऱ्यापर्यंतचा पट्टा), आडव्या पाट्या (तिला छेदणारे पट्टे, छेदतात तिथे बसायचे चौकोन), खांबाची रेषा ही सगळी नावं त्या हातानं शिकतात. मोठ्यांचं मैदान २७ बाय १६ मीटर असतं. लहान गटासाठी स्पर्धेच्या परिपत्रकात जे माप दिलं असेल ते घ्या. शाळेच्या आवारात तेवढी जागा नसेल तरी सराव अडत नाही. आठ चौकोन आणि दोन खांब बसले म्हणजे झालं.

आखून झालं की दोन्ही बाजूंना आणि दोन्ही खांबांना नावं द्या. ही पायरी गाळू नका. खो-खोत शेजारशेजारच्या मुली विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात. तुम्ही बाहेरून 'डावीकडे!' ओरडलात तर चौघींची डावी एक असते आणि उरलेल्या चौघींची बरोबर उलटी. सरावात जो गोंधळ 'मुली लक्ष देत नाहीत' म्हणून खपतो, त्यातला बराचसा इथला असतो. आमच्या मैदानावर एक बाजू 'वर्गांची', दुसरी 'रस्त्याची', एक खांब 'चिंचेचा' आणि दुसरा 'फाटकाचा' आहे. दुसऱ्या गावी स्पर्धेला गेलो की मैदानावर पोचल्यावर पहिलं काम हेच. मुली स्वतः फिरून चार नावं ठरवतात आणि एकमेकींकडून वदवून घेतात.

२. कोणाला काय दिसतं, ते मुलींना समजावून द्या

हा भाग सावकाश घ्या. एक अख्खा दिवस यावर गेला तरी चालेल.

समजा, आपली आक्रमक वर्गांच्या बाजूला धावते आहे. पळणारी मुलगी मधली पाटी ओलांडून रस्त्याच्या बाजूला गेली. आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही. तिनं खो द्यायचा तो वर्गांकडे पाठ आणि रस्त्याकडे तोंड असलेल्या मुलीला. म्हणजे जिला उठायचं आहे तिच्या डोळ्यांसमोर पळणारी आहे, पण पाठीमागून येणारी स्वतःची मैत्रीण तिला दिसत नाही. त्या दोघींमध्ये दुवा दोनच गोष्टींचा, पाठीवरची थाप आणि 'खो' हा आवाज.

आता उरलेल्या चौघींचं बघा. त्यांची तोंडं वर्गांच्या बाजूला आहेत. त्या बाजूला खेळ चालू असतो तोवर त्यांना पळणारीही दिसते आणि आक्रमकही. त्या वेळी पाठमोऱ्या चौघींचे डोळे याच. खेळ पलीकडे गेला की अदलाबदल होते. आता त्यांना दिसत नाही आणि पलीकडच्यांना दिसतं.

मुलींना हे बोलून सांगाल तर त्या नुसत्या मान डोलावतील. करून दाखवा. सगळ्यांना बसवा, एका मुलीला सावकाश चालत पळणारीचं काम करू दे आणि दर थोड्या वेळानं 'थांब' म्हणा. मग बसलेल्या प्रत्येकीला विचारा, 'तुला आत्ता काय दिसतंय?' 'काय दिसत नाहीये?' 'हे तुला कोण सांगू शकेल?' तिसऱ्या प्रश्नावर मुली एकमेकींकडे बघायला लागतात. संघभावनेवर दिलेल्या कुठल्याही भाषणापेक्षा हे जास्त कामाचं आहे.

३. खो देणं-घेणं : चार कामं, दोन मुली

एका खोमध्ये चार गोष्टी घडतात. देणारी थाप मारते, 'खो' म्हणते, घेणारी उठून निघते आणि देणारी लगेच तिच्या रिकाम्या चौकोनात बसते. यातलं चौथं काम सगळ्यांत दुर्लक्षित. खो दिला की आपलं काम संपलं असं मुलींना वाटतं, आणि त्या धापा टाकत उभ्याच राहतात. तोवर पुढची आक्रमक परत खो द्यायला येते आणि तिथे बसलेलं कोणी नसतं.

सरावाचा क्रम असा ठेवा :

आधी चालत. नऊ जणींनी फक्त चालत खो द्यायचे-घ्यायचे. पळणारं कोणी नाही. चालतानाही मुली घाईत थापेच्या आधी 'खो' म्हणतात, किंवा शेजारणीचा खो ऐकून उठतात. दोन्ही फाऊल. ते इथेच सापडतात.

मग डोळे मिटून. बसलेल्या आठही जणी डोळे मिटतात. आक्रमक चालत जाऊन कोणालाही खो देते. मधूनच तिनं नुसतं 'खो' म्हणायचं, थाप न मारता. मधूनच नुसती थाप. थाप आणि आवाज दोन्ही मिळाल्याशिवाय कोणी उठायचं नाही. मुलींना हा प्रकार फार आवडतो. घरी जायची वेळ झाली तरी 'अजून एकदा, मॅडम' चालू असतं.

मग धावत. दोन मिनिटं अखंड खो फिरवायचे, फाऊल झाला की घड्याळ पुन्हा शून्यावर. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं पुरी होत नाहीत. होऊ नयेतच, कारण घड्याळ शून्यावर गेलं की मुली आपसात बोलायला लागतात, 'तू उशिरा बसलीस', 'तुझा आवाजच आला नाही'. त्यांना बोलू द्या, मध्ये पडू नका.

थापेबद्दल थोडं जास्त सांगते. थाप तळव्यानं, दोन खांद्यांच्या मध्ये, जाणवेल इतकी. धावत आलेली मुलगी वेगात धक्का देते आणि बसलेली तोंडावर पडते, असं दोन-चार वेळा झालं की ती मुलगी खो येण्याआधीच अंग चोरायला लागते. मग तिचं उठणं उशिरा होतं आणि तुम्हाला वाटतं तिला वेग नाही. कोणी सारखी उशिरा उठत असेल तर आधी तिला खो देणाऱ्या मुलीचा हात बघा.

आणि आवाज. दर वर्षी संघात एक तरी मुलगी अशी असते जिचा 'खो' तिच्या स्वतःच्या ओठांपलीकडे जात नाही. आमच्याकडे अशीच एक उंच, लांब ढांगेची मुलगी होती. धावायची सुंदर, पण खो देताना मान खाली घालून पुटपुटायची. 'मोठ्यानं बोल' असं सांगून ती आणखी आक्रसली. घरात मोठ्यानं बोललं की ओरडा बसतो, असं तिनंच एकदा सांगितलं. तिला मी मैदानाच्या एका टोकाला आणि तिच्या मैत्रिणीला दुसऱ्या टोकाला उभं केलं. मैत्रिणीनं पाठ करून उभं राहायचं आणि 'खो' ऐकू आला की हात वर करायचा. बाकी मैदान रिकामं, बघायला कोणी नाही. हात वर होईपर्यंत ती आपणहून आवाज चढवत गेली. अशा मुलीला सगळ्यांसमोर ओरडायला लावू नका. ऐकणारी एक मैत्रीण द्या, तेवढं पुरतं.

४. मैदानावरचे शब्द मोजके ठेवा

बसलेल्या मुलींनी बोलायचं, पण काय? सगळ्या मनाला येईल ते ओरडायला लागल्या की 'खो' ऐकूच येत नाही. तीन-चार शब्द पुरे. आमचे असे आहेत :

- 'आत' : पळणारी मधल्या पाटीकडे वळली
- 'खांब' : ती खांबाकडे निघाली, खांबाजवळच्या मुलीनं तयार राहावं
- 'मागे' : ती आक्रमकाच्या मागे सरकली, आता धावू नको, खो सोड
- 'दे' : आत्ता खो दे

इथे एक मोठा सापळा आहे. 'खो दे! खो दे!' असं ओरडायची मुलींना सवय असते. पाठमोऱ्या मुलीच्या कानावर त्यातला 'खो' पडतो आणि ती उठते. म्हणून पहिल्या दिवसापासून नियम करा, 'खो' हा शब्द फक्त खो देणारीच्या तोंडी. बाकी कोणीही, तुम्हीसुद्धा, खेळ चालू असताना तो उच्चारायचा नाही.

शब्द मुलींनीच ठरवू देत. घरी अहिराणी, मालवणी, कोकणा किंवा वऱ्हाडी बोलणाऱ्या मुली त्यांच्या बोलीतला शब्द सुचवतात, तो आखूड आणि खणखणीत असेल तर तोच घ्या. घाईत तोंडात आपली बोलीच येते, आणि समोरच्या संघाला तो शब्द कळला नाही तर फायदाच.

'मागे' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. आक्रमकानं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तिला वळता येत नाही. बसलेल्या मुलीची आडवी पाटी ओलांडून पुढे गेली की त्या मुलीला खो देता येत नाही. चलाख पळणारी नेमकं हेच करते, हूल देऊन मागे निसटते. आक्रमकाला वाटत असतं की अजून दोन पावलांत हात लागेल, म्हणून ती धावत सुटते. वेगवान मुलींना हा मोह फार. समोर बघणाऱ्या चौघींपैकी कोणी तरी 'मागे' म्हटलं आणि तिनं ते मानलं, तर पुढच्याच मुलीला खो देऊन दिशा बदलता येते. वेगवान मुलीला मैत्रिणीचं ऐकायला लावणं हे या वयाच्या संघातलं सगळ्यांत अवघड काम आहे. त्यासाठी एक सराव : आक्रमकानं सलग तीनपेक्षा जास्त चौकोन धावायचेच नाहीत, त्याआधी खो. पहिले काही दिवस ती वैतागेल. मग तिच्या लक्षात येतं की तीनच खोंमध्ये गडी कोपऱ्यात सापडतो, आणि तिची दमछाकही कमी होते.

५. चूक झाली की पुढे काय, हे आधी ठरवा

फाऊल झाला की पंच शिट्टी वाजवत राहतात आणि तो निस्तरेपर्यंत गडी बाद दिला जात नाही. ही काही क्षणांची वेळ. या क्षणांत सात जणी मिळून एकीवर ओरडल्या तर फाऊल निस्तरायचा राहतो आणि पळणारी दम खाऊन घेते.

आमचा रिवाज असा आहे. जिच्याकडून चूक झाली ती स्वतः हात वर करते. बाकीच्यांनी तिचं नाव घ्यायचं नाही. कप्तान एवढंच सांगते की पुढचा खो कुठे. चुकीची चर्चा पाळी संपल्यावर, बसून. मुलींना हात वर करायला सुरुवातीला लाज वाटते. तुम्ही चुकीची शिट्टी वाजवलीत तर तुम्हीही हात वर करा, मग त्यांचा संकोच जातो.

चर्चेच्या वेळी 'तू' पासून सुरू होणारी वाक्यं बंद. 'तू उशिरा उठलीस' याऐवजी 'मी थाप मारली तेव्हा तू उठलेली दिसली नाहीस, माझी थाप लागली का?' लहान मुलींना हे जमत नाही असं बरेच जण म्हणतात. जमतं, मोठ्यांपेक्षा लवकर जमतं.

६. वहीत खो मोजा

गुणपत्रकावर गडी बाद करणारीचं नाव येतं. वर्तमानपत्रातही 'अमुकनं चार गडी बाद केले' असं छापून येतं. तो गडी कोपऱ्यात ढकलणारे आधीचे चार खो कोणाचे, ते कुठेच लिहिलं जात नाही. लिहायचं काम तुमचं. वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे तीन रकाने करा : स्वच्छ खो, फाऊल, आणि 'आधीचा खो', म्हणजे गडी बाद होण्याच्या लगेच आधी दिलेला खो. मोजायला राखीव मुलींना बसवा. बसून मोजता मोजता त्या खेळ वाचायला शिकतात, आणि बदली म्हणून मैदानात उतरतात तेव्हा बावरत नाहीत.

आठवड्याच्या शेवटी हे आकडे सगळ्यांसमोर वाचा. पहिल्यांदा वाचता तेव्हा हमखास एखादी शांत मुलगी 'आधीच्या खो'त सर्वांत वर निघते आणि सगळा संघ तिच्याकडे वळून बघतो. फाऊलचा रकाना मात्र जाहीर वाचू नका, तो ज्याचा त्याला सांगा.

७. पळतीची तिघींची तुकडी

संरक्षणाच्या पाळीत पळणाऱ्या तीन-तीनच्या तुकडीनं उतरतात. पाठलाग एकीचा चालू असतो, दोघी उभ्या असतात. या उभ्या दोघी बहुधा प्रेक्षक होतात, तिथेच चुकतं. त्यांची कामं तीन. मैत्रिणीच्या वाटेत न येणं. खांबाजवळ घोटाळत न राहणं, कारण तिथे सूर बसतो. आणि मैत्रीण दमली की पाठलाग आपल्याकडे घेणं. यासाठी एक ठरलेली खूण हवी. दमलेली मुलगी ओरडू शकत नाही, तिच्यात तेवढा श्वास नसतो. म्हणून खूण उभ्या असलेल्या मुलीनं द्यायची, 'मी' एवढंच म्हणून पुढे यायचं.

पहिल्या तुकडीत तिन्ही उत्तम पळणाऱ्या घालायच्या, असं बरेच प्रशिक्षक करतात. मोठ्यांच्या सामन्यात त्याला कारणं असतील. १४ वर्षांखालच्या संघात मी ते करत नाही. पहिली तुकडी लवकर बाद झाली की मागच्या सहा जणी मैदानात यायच्या आधीच खचतात. प्रत्येक तुकडीत एक अनुभवी मुलगी ठेवा, तिच्यासोबत दोन नव्या. नव्या मुली तिच्या उभं राहण्याच्या जागा बघून शिकतात. तिघींनी सरावातही एकत्रच पळायचं, रोज तुकड्या बदलू नका.

तुकडी बाद झाली की पुढच्या तिघींनी वेळेत आत शिरायचं असतं, नाही तर उशिरा प्रवेश म्हणून गडी जातो. रांगेतल्या मुली गप्पांत असतात. त्यांना आवाज द्यायला राखीवपैकी एकीला नेमून ठेवा.

८. कप्तान निवडताना

सगळ्यांत चांगली खेळणारी कप्तान व्हावी असं नाही. नाणेफेकीला कोण शांत राहील, पंचांशी नीट कोण बोलेल, रडणाऱ्या मुलीजवळ आपणहून कोण जाऊन बसतं, हे बघा. सरावात दर आठवड्याला कप्तान बदला, म्हणजे तुम्हालाही कळेल. स्पर्धेच्या आधी एक नाव पक्कं करा आणि मग ते बदलू नका. मुलींचं मतदान घेतलंत तर ते मानावं लागेल, त्यामुळे मानायची तयारी असेल तरच घ्या.

९. तुम्ही कधी बोलायचं

मैदानाच्या कडेनं धावत, सतत ओरडणारे प्रशिक्षक तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या मुली उठण्याआधी त्यांच्याकडे बघतात. त्यात अर्धा क्षण जातो आणि खो-खोत अर्ध्या क्षणात गडी पाटी ओलांडतो. शिवाय तुमचा आवाज मुलींच्या 'खो'पेक्षा मोठा असतो, तो त्याला गिळून टाकतो.

पाळी चालू असताना गप्प बसायचा सराव करा. सोपा नाही. मी हातात वही धरते आणि बोलावंसं वाटलं की लिहिते. मोठ्यांच्या गटात पाळी ९ मिनिटांची असते, लहान गटात त्याहून कमी. तेवढा वेळ निघतो. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात दोनच गोष्टी सांगा, त्याही मुलींना विचारून झाल्यावर. आधी पाणी, मग 'काय दिसलं?', मग तुमचं म्हणणं.

दिल्लीत २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते. त्या सामन्यांची चित्रफीत मुलींना जरूर दाखवा. एकदा नेहमीसारखी बघू द्या, दुसऱ्यांदा सांगा की पळणाऱ्याकडे बघायचंच नाही, फक्त बसलेल्यांकडे बघायचं. त्या स्पर्धेचे नियम आणि खेळाडूंची संख्या शालेय खो-खोपेक्षा वेगळी होती, हेही आधीच सांगून टाका, नाही तर दुसऱ्या दिवशी मैदानावर वाद होतात.

१०. पालकांशी बोलणं

संघातला अर्धा संवाद मैदानाबाहेरचा असतो. सराव सुरू व्हायच्या आधी पालकांची एक सभा घ्या आणि त्यात वेळ, सुट्टीचे दिवस, स्पर्धेचा प्रवास, सोबत कोणती शिक्षिका येणार हे स्पष्ट सांगा. मुलीला पाठवायला नकार देणाऱ्या घरी बहुतेक वेळा प्रश्न खेळाचा नसतो, संध्याकाळी परत येण्याचा असतो. एकाच वस्तीतल्या मुली एकत्र घरी जातील अशा जोड्या लावून दिल्या की बरेच नकार मागे घेतले जातात. आईशी बोला, आणि आजी घरात असेल तर आजीशीही. आजीनं लहानपणी खो-खो खेळलेला असतो.

मोबाईलवरचा गट फक्त सूचनांसाठी ठेवा. निवड, चुका, कोणाला का बसवलं हे विषय तिथे काढू नका, प्रत्यक्ष भेटून बोला. एकट्या मुलीला रात्री-अपरात्री संदेश पाठवू नका. जे सांगायचं ते गटावर किंवा पालकांच्या फोनवर. पुरुष प्रशिक्षकांनी मुलींना सूर किंवा बसण्याची पद्धत शिकवताना हात लावून दुरुस्ती करण्याऐवजी मोठ्या मुलीकडून करून दाखवावं आणि प्रवासात शिक्षिका सोबत असल्याशिवाय निघू नये.

११. स्पर्धेची तयारी आणि कागद

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात, तालुक्यापासून जिल्हा, विभाग आणि राज्यापर्यंत. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाचं परिपत्रक मिळवा आणि जन्मतारखेची मर्यादा स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. खो-खो संघटनेच्या किशोर-किशोरी, कुमार-मुली या गटांची वयोमर्यादा शालेय गटांहून वेगळी असते. एकाच मुलीची दोन्हीकडे नोंदणी करताना इथे गडबड होते.

साधारणपणे हे कागद लागतात :

- जन्मदाखला किंवा शाळेच्या सामान्य नोंदवहीतला उतारा
- आधार कार्डाची प्रत
- चालू वर्षाचं बोनाफाईड
- मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं खेळाडू ओळखपत्र, फोटोसह
- पालकांचं संमतीपत्र, त्यावर चालू असलेला फोन नंबर
- डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, मागितला असेल तर
- प्रवेशिका, सगळ्या खेळाडूंची नावं दाखल्याप्रमाणे तंतोतंत

शेवटच्या ओळीवर थांबा. आधारवर एक नाव, दाखल्यावर दुसरं, वडिलांच्या नावातला एक काना इकडेतिकडे, अशा गोष्टींवरून मुली मैदानाच्या दारातून परत जातात. हे जुळवायला वेळ लागतो, म्हणून संघ निवडायच्या आधीच सगळ्या मुलींचे कागद तपासा. मूळ कागद पालकांकडे राहू द्या आणि प्रतींचे दोन संच करा, एक तुमच्याकडे, एक सोबतच्या शिक्षिकेकडे.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर तास-दीड तास आधी पोचा. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघा आणि मुलींना दाखवा. ते बघितलं नाही तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि दुसऱ्या सामन्यात पायात गोळे येतात. मग बाजूंना आणि खांबांना नावं. मग चालत खो, एकदा डोळे मिटून, आणि थोडं धावून. खायला शेंगदाणे-गूळ, केळी. वडापाव सामना संपल्यावर.

संघात न निवडलेल्या मुलींची नावं फळ्यावर लावून मोकळे होऊ नका. प्रत्येकीला बाजूला घेऊन सांगा, का नाही आणि पुढच्या वेळी काय लागेल. त्यातल्या ज्या सोबत येतील त्यांना वही, पाणी, तुकडीला आवाज देणं अशी खरी कामं द्या.

प्रमाणपत्रं मिळाली की त्याच दिवशी नाव आणि जन्मतारीख तपासा, चूक असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या आणि प्रत्येकीच्या प्रमाणपत्राची एक प्रत शाळेच्या फाईलला लावा. दहावीला क्रीडागुणांचा प्रस्ताव करायची वेळ येते तेव्हा घरचं प्रमाणपत्र हमखास सापडत नाही.